तापी-नर्मदेच्या फुगवट्यात मोटरबोट सुरक्षित कशी चालवावी

तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयापासून धडगावच्या नर्मदाकाठापर्यंत मागे इंजिन लावलेली बोट आता नवलाची राहिलेली नाही. कुणी मासेमारीला नेतं, कुणी सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजवर माणसं ने-आण करतं. अक्कलकुवा-धडगाव तालुक्यातल्या मणिबेली, चिमलखेडीसारख्या गावांना तर सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणाने अडवून मागे पसरलेल्या पाण्यामुळे, बोट हाच रस्ता. त्या भागात सरकारी दवाखानासुद्धा तरंगता आहे. यातले बरेच चालक कुणाच्या तरी मागे बसून, बघून बघून शिकलेले. असा हात चांगला बसतो, पण धोका नेमका कुठून येतो ते कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे वेगापेक्षा भीड जास्त घात करते. दोरी सोडण्याआधी काठावर ज्या चार गोष्टींना ‘नाही’ म्हणायला हवं, त्या म्हटल्या जात नाहीत. म्हणून या लेखातला मोठा भाग काठावरचाच आहे.

पहिलं काम: पाण्याची चौकशी

नदी आपल्या गावात शांत दिसते म्हणून ती शांत असतेच असं नाही. तापी मुलताईला उगम पावते आणि बैतूल-बऱ्हाणपूरचं पाणी घेऊन येते. पूर्णा अकोला-बुलढाण्याकडचं पाणी घेऊन चांगदेवजवळ तिला मिळते. इथं कडक ऊन आणि तिकडं रात्रभर पाऊस, असं पावसाळ्यात कितीदा तरी होतं. मग हतनूरचे दरवाजे उघडतात. एकूण ४१ दरवाजे आहेत आणि किती उघडले, किती क्युसेक पाणी सोडलं हे जाहीर होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लीटर, त्यामुळे हजारांत आकडा ऐकला की अंदाज बांधा. विसर्ग चालू असताना किंवा वाढणार असल्याची सूचना असताना धरणाच्या खाली बोट घालायची नाही. बॅरेजच्या वरच्या बाजूला तर दरवाजांच्या जवळपासही जायचं नाही. वरून पाणी संथ दिसतं, पण उघड्या दरवाजाकडे खालून ओढ असते आणि तिथं इंजिन बंद पडलं तर वल्ह्याने माघार घेता येत नाही.

दुसरी चौकशी पातळीची. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. २०१९ च्या सप्टेंबरात ती पहिल्यांदा गाठली गेली. पाणी वर असताना जिथून बिनधास्त गेलो, तिथंच उन्हाळ्यात बुडालेल्या सागाची, महूची खोडं पाण्याच्या हातभर खाली उभी असतात. ती दिसत नाहीत, इंजिनाच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याला लागल्यावरच कळतात. म्हणून पातळी उतरू लागली की गेल्या महिन्याचा रस्ता बाद समजायचा आणि नवा रस्ता हळू जाऊन, पुढे एक माणूस बसवून, बांबूने चाचपत ठरवायचा. त्या काठच्या जुन्या माणसांना बुडालेलं शेत, विहीर, टेकडी कुठं आहे हे तोंडपाठ असतं. त्यांना विचारा. हे ज्ञान कुठल्याही नकाशापेक्षा चांगलं आहे.

हतनूरची गोष्ट उलटी. तिथं खोडांपेक्षा गाळ जास्त. पाणी मैलभर पसरलेलं आणि खोली गुडघाभर, अशा जागा आहेत. उथळात जोरात गेलात तर पंखा गाळ उपसतो, तो गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीत शिरतो आणि इंजिन तापतं. पाण्याचा रंग मागे चहासारखा झाला की ताबडतोब वेग उतरवा, इंजिन थोडं वर उचला.

आणि तापीकाठची खास गोष्ट म्हणजे शेतीपंप. रावेर-यावलच्या केळीबागांसाठी काठावर मोटारी, पाइप, तराफ्यावरचे पंप आणि पाण्यात लोंबणाऱ्या केबली असतात. पाइपात पंखा अडकला तर खर्च होतो, पण फाटक्या केबलीजवळ उतरलात तर जीव जातो. पंपाच्या जागेजवळ पाण्यात हात घालू नका, आणि काठाला लागायचंच असेल तर मालकाला मोटार बंद करायला सांगा. पाणी चढलेलं असताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचं अंतरही कमी होतं. बोटीवर उभा बांबू किंवा छताचा पाइप असेल तर ते ध्यानात ठेवा.

मग इंजिन आणि बोट

ही तपासणी रोजची आहे आणि चहा पिऊन होईस्तोवर आटोपते. बोटीत पाणी किती साचलंय ते बघा. कालपेक्षा जास्त असेल तर उपसून थांबू नका, कुठून आलं ते शोधा. इंजिन ज्या स्क्रूंनी मागच्या फळीला आवळलेलं असतं ते हाताने पिळून पाहा. थरथरीने ते सैल होतात, आणि इंजिन पाण्यात गेल्याच्या कहाण्या नदीकाठच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतील. त्याला एक जाड दोरी किंवा साखळी वेगळी बांधलेली असावी. पंख्याला गुंतलेली जाळी, दोरा, फडकं काढा.

टाकीचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद राहिला तर इंजिन दहा मिनिटं नीट चालतं आणि मधल्या पाण्यात दम तोडतं. नळीतला रबरी फुगा दाबून कडक होईपर्यंत पेट्रोल भरा आणि सांध्याला नाक लावून वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी जाऊन बसते. तळात वास येत असेल तर ठिणगी नको, इंजिन सुरू करू नका, हवा खेळू द्या. हलवता येणारी टाकी बोटीत भरू नका, काठावर जमिनीवर ठेवून भरा. बिडी पेटलेला कुणी जवळ नको. एप्रिल-मे मध्ये टाकी गच्च भरू नये, उन्हात पेट्रोल फुगतं.

पेट्रोल किती न्यायचं? जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश, आणि उरलेलं हात न लावण्यासाठी. ४० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला ढोबळमानाने १५ लीटर पितं, जुनं टू-स्ट्रोक त्याहून जास्त. प्रवाहाविरुद्ध यायचं असेल तर परतीचा हिशोब वेगळा करा.

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सुरू करा आणि मागे बघा. इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडायला हवी. ही धार म्हणजे थंड करणारा पंप चालू असल्याची खूण. धार नसेल तर लगेच बंद करून भोक तारेने साफ करा. तरीही नाही आली तर आजचा दिवस बोट काठावर.

आता किल स्विच. इंजिनाला लाल गुंडाळीची एक दोरी येते. तिचं एक टोक स्विचला, दुसरं चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला. चालक पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद. नव्वद टक्के ठिकाणी ही दोरी स्विचलाच गुंडाळून ठेवलेली दिसते, म्हणजे असून नसल्यासारखी. चालक पडला आणि इंजिन चालूच राहिलं तर काय होतं, ते समजून घ्या. बोट वळवायचं हँडल सुटतं, पंख्याच्या फिरकीच्या जोराने इंजिन एका बाजूला वळतं आणि रिकामी बोट गोल गोल फिरू लागते. त्या गोलाच्या आत पडलेला चालक असतो. बोट पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर येते. हे टाळायला ती एक दोरी पुरते. सकाळी इंजिन चालू असताना दोरी ओढून बघा, इंजिन बंद पडलं पाहिजे.

बोटीत काय असावं: दोन वल्ही, उपसायला बादली, १५ मीटरची तरी फेकायची दोरी, नांगर आणि त्याची लांब दोरी, धारदार सुरी, बॅटरी, शिट्टी, पावडरचं अग्निशामक, प्रथमोपचाराचा डबा, जादा स्पार्क प्लग आणि पान्हा, पंख्याची जादा पिन. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. सातपुड्याच्या दऱ्यांमध्ये रेंज नसते, म्हणून काठावरच्या एका माणसाला सांगून निघा: किती जण, कुठं, किती वाजता परत. प्यायचं पाणी माणशी दोन लीटर तरी. आपला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पाण्यावरून परतणारं ऊन डोक्याला आणखी लागतं. उन्हाने शिणलेला चालक उशिरा बघतो, उशिरा वळवतो. मोहाची असो वा दुकानातली, घेतलेल्या माणसाला हँडल द्यायचं नाही, मग तो पाहुणा का असेना.

माणसं किती घ्यायची

“भाऊ, एकच जण शे, बसाडी ल्या ना.” यात्रेच्या दिवशी काठावर हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा नावाडी नसेल. मागे त्याची म्हातारी आई, कडेवर पोर. तोंडातून नकार निघत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण पाण्यावर ती त्याहून महाग पडते. २०१९ च्या मकर संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत पूजेला निघालेल्या लोकांची बोट उलटली, लहान मुलंसुद्धा गेली. बोटीत जास्त माणसं बसल्याचं तेव्हा समोर आलं होतं.

आकडा आधीच ठरलेला असला की नकार सोपा जातो. सर्वेक्षणाच्या दाखल्यावर किंवा बनवणाऱ्याच्या पाटीवर क्षमता लिहिलेली असेल तर तोच शेवटचा शब्द. पाटी नसलेल्या लहान, एकाच तळाच्या (दोन तळ जोडलेल्या नव्हे) बोटीसाठी एक ढोबळ हिशोब आहे: लांबी फुटांत गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. बोट १८ फूट लांब आणि ५ फूट रुंद असेल तर ९० भागिले १५, म्हणजे ६ माणसं, चालक धरून. हा हिशोब संथ पाण्याचा आणि माणशी सुमारे ७० किलोचा आहे. वारा असेल तर कमी. ५० किलोचं पोतं जवळजवळ एका माणसाच्या जागी, मोटरसायकल दोघांच्या जागी. ६ हा आकडा बोटीच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवा. मग ‘मी नाही म्हणत नाही, बोटीवरच लिहिलंय’ असं सांगता येतं. हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुरक्षेचा उपाय आहे.

सगळे बसल्यावर काठावर उतरून एकदा बोटीकडे बघा. पाण्यापासून बोटीच्या काठापर्यंत ३० सेंटिमीटर तरी मोकळं दिसायला हवं. कमी असेल तर माणसं उतरवायची. वजन मधे आणि तळाशी. पोती आडवी, मोटरसायकल बांधलेली, शेळ्या बांधलेल्या. माणसं फळीवर नाही तर खाली बसलेली चांगली. उभं राहिलेला एकटा माणूस बोटीचा तोल जितका बिघडवतो तितका बसलेले चौघं बिघडवत नाहीत.

धोक्याच्या दोन वेळा लक्षात ठेवा. एक, मगर दिसली, मासा उडाला, फोटो काढायचा आहे, म्हणून सगळे एका बाजूला सरकतात. दुसरी, काठ आला की. दोन हात पाणी उरलेलं असतं आणि सगळे एकदम उठतात, चप्पल शोधतात, पोतं उचलतात, पुढचा उडी मारतो आणि बोट मागे सरकते. निघतानाच मोठ्याने सांगून टाका: बोट बांधल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि उतरायचं एकेकाने, पुढून.

जॅकेट अंगावर

जॅकेट फळीखाली ठेवलेलं असेल तर ते सामान आहे. बोट उलटायला काही क्षण लागतात, तेवढ्यात पाण्यात ते घालून होत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही डोक्याला मार लागला तर पोहता येत नाही.

घेताना आतल्या पट्टीवर न्यूटनचा आकडा बघा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत म्हणून. न पोहणाऱ्यांसाठी १०० किंवा जास्त, ते तोंड पाण्यावर ठेवायला मदत करतं. घातल्यावर दोन्ही हात वर करायला सांगा आणि खांद्याच्या पट्ट्या वर ओढा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात निघून जाईल. मुलांना मुलांच्या मापाचं आणि पायांमधून पट्टा असलेलंच. बायकांनी आधी पदर खोचून, मग वरून जॅकेट घालावं. सुटा पदर आणि ओढणी हँडलमध्ये किंवा दोरीत अडकते. फाटलेलं, आतला फोम चुरा झालेलं जॅकेट शिवून वापरू नका, टाकून द्या.

पाण्यावर

काठापासून पन्नास-साठ मीटर इंजिन हळूच चालवा, तिथं पोहणारी पोरं आणि धुणं धुणाऱ्या बाया असतात. चांगदेवच्या संगमावर, प्रकाशाच्या घाटावर पर्वाच्या दिवशी तर इंजिन बंद करून वल्ह्याने लागावं. चालकाने बसूनच चालवायचं. हँडलचं गणित उलटं असतं हे नवख्याने घोटून घ्यावं: हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते. एकदम जोर दिला की बोटीचं नाक वर उठतं आणि समोरचं दिसेनासं होतं, म्हणून वेग टप्प्याने वाढवा.

समोरून बोट आली तर दोघांनीही आपल्या उजवीकडे वळायचं. उजव्या बाजूने आडवी येणारी बोट दिसली तर तिला आधी जाऊ द्या. ओलांडून पुढे जाणाऱ्याने दुसऱ्यापासून लांब राहायचं. वल्ह्याच्या डोंग्याजवळून जाताना वेग पार उतरवा, तुमची लाट त्याच्या बोटीत शिरते. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या तर ते भोई बांधवांचं जाळं, वळसा घाला. पंख्यात जाळं गेलंच तर इंजिन बंद, किल दोरी काढलेली, इंजिन वर उचललेलं, मगच सुरी. अंधार पडल्यावर उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल आणि सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा हवा. हे दिवे नसतील तर सूर्य मावळायच्या आत काठ गाठा.

नांगर नेहमी पुढून टाका. मागून टाकला की इंजिनाच्या वजनाने आधीच खाली असलेला भाग आणखी दबतो आणि लाट आत येते. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा. बुडालेल्या झाडांच्या जागेत नांगर अडकला तर इंजिनाच्या जोराने ओढत बसू नका, सुरीने दोरी कापा.

वारा सुटला तर

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग पश्चिमेला काळे झाले की तुमच्या हातात फार वेळ नसतो. आधी धुळीची भिंत दिसते, मग गार वारा येतो आणि दहा मिनिटांत मोकळ्या जलाशयावर आखूड, उभ्या लाटा उठतात. नर्मदेच्या दरीत तर वारा दोन डोंगरांच्या मधून भात्यासारखा येतो. धूळ दिसली की जवळचा काठ, आपला काठ नव्हे. मधेच सापडलात तर सगळ्यांना तळाशी बसवा, वेग उतरवा आणि नाक लाटेला थेट नाही तर जरा तिरकं ठेवा. लाट आडवी घेतली की बोट कलंडते. इंजिन बंद पडलं तर नांगर पुढून टाका, म्हणजे नाक वाऱ्याकडे राहील. वीज कडाडत असेल तर पाण्यावर नकोच, काठावर एकट्या झाडाखालीही नको.

कुणी पडलं तर

आधी गिअर न्यूट्रल. माणूस उजवीकडे पडला असेल तर बोटीचं नाकही उजवीकडे वळवा, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून लांब जातो. एकाने बोट दाखवत त्याच्यावरची नजर काढायची नाही. लाटेत डोकं फार पटकन दिसेनासं होतं. वळून येताना वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून सावकाश या. जवळ आलात की इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल नाही. दोरी किंवा रिकामा डबा फेका, वल्हं पुढे करा. उडी मारू नका, घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही दाबून खाली नेतो. ओढून घेताना बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला वजन ठेवायचं.

बोट उलटली तर बहुतेक बोटी तरंगत राहतात. तिला धरून राहा, डोकी मोजा, शिट्टी वाजवा. काठ जवळ वाटतो, पण वाटतो तितका तो नसतो.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका, त्याला गोल फिरवू नका. पाठीवर झोपवा, डोकं मागे, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरात ३० दाब आणि २ श्वास, असं मदत येईपर्यंत. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७. शुद्धीवर आला, उठून बसला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

कागद आणि परतल्यावर

१९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा लागतो, चालवणाऱ्याला पात्रतेचा दाखला लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. ‘सागरी’ नावामुळे ते आपल्यासाठी नाही असं समजू नका. हतनूरपासून खंबातच्या आखातापर्यंतची तापी २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आहे, क्रमांक १००. भाडं घेऊन माणसं नेत असाल तर या कागदांशिवाय एक फेरीही करू नका.

परत आल्यावर इंजिन वर उचला, टाकीची नळी काढा, किल स्विचची दोरी घरी न्या म्हणजे पोरं इंजिन सुरू करणार नाहीत. काठावरच्या माणसाला आल्याचं सांगा, नाहीतर तो उगाच शोधायला बोट काढेल. बांधताना दोरी आखूड ठेवू नका. फुगवट्याची पातळी रात्रीत उतरली तर ताणलेल्या दोरीवर बोट काठाला लटकते आणि मागची बाजू पाण्यात जाते. चढली तर आखूड दोरी नाक खाली ओढते. दोरी चार-पाच मीटर ढिली ठेवा, आणि पावसाळ्यात विसर्गाची सूचना आली की बोट सरळ वर ओढून झाडाला दोन ठिकाणी बांधा.